अतिस्वस्त विमानाचं तिकीट: आई-बाबांसाठी काढताना कोणते पैसे कुठे लागतात?

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असते. मे महिन्यात आई-बाबा सांगलीहून येताहेत, दोघांचे शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून एकच चालतो तो) हातात आलेत. आईला रोम बघायची फार इच्छा आहे, म्हणून तिघांनी चार दिवस जायचं ठरवलंय.

काल रात्री तिकिटं बघायला बसले. बेल्जियममधल्या शार्लरुआहून रायनएअर या स्वस्त विमान कंपनीचं तिकीट माणशी २२ युरो दिसलं. पुढचं पान उघडलं तर तिकिटाचे तीन-चार प्रकार. त्यानंतर सीट निवडा. मग बॅग, मग प्रायॉरिटी, विमा, भाड्याची गाडी, विमानतळाची बस. शेवटच्या पानावर तिघांचा आकडा पहिल्या आकड्याच्या तिपटीवर गेला होता. यातलं गरजेचं काय आणि नुसतं पुढ्यात आलं म्हणून घेतलेलं काय, हे उलगडेना. शेवटी खिडकी बंद केली.

आईला इंग्रजी येत नाही, अनोळखी लोकांमध्ये एकटं बसायची तिला भीती वाटते. बाबांचा उजवा गुडघा दुखरा आहे, विमानाच्या शिड्या चढणं त्यांना जड जातं. दोघांकडे भारतीय पासपोर्ट, माझ्याकडे इथलं रेसिडेन्स परमिट. पैसे वाचले तर आनंदच आहे, पण विमानतळावर त्यांच्यासमोर कोणाशी हुज्जत घालायची वेळ येऊ नये, ही माझी मुख्य काळजी. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

पिंपळपार

रानजाई, मी ब्रुसेल्सला असतो आणि शार्लरुआ माझ्या नेहमीच्या वापरातलं आहे. सविस्तर लिहितो.

आधी एक लक्षात घ्या. तो २२ युरोचा आकडा फक्त एका खुर्चीचा आणि सीटखाली मावणाऱ्या एका छोट्या बॅगेचा आहे. बाकी सगळं वेगळं विकलं जातं आणि कंपनीचा धंदा त्यावरच उभा आहे. रायनएअरचे २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे आकडे बघा: सुमारे २० कोटी प्रवासी, जवळपास १४ अब्ज युरो उत्पन्न, आणि त्यातले सुमारे ४.७ अब्ज तिकिटाबाहेरच्या गोष्टींचे. म्हणजे तिसरा हिस्सा! माणशी हिशोब केला तर २३-२४ युरो. तुमच्या तिकिटापेक्षा जास्तच.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तीच बॅग, तोच माणूस, पण पैसे कधी भरता यावर दर ठरतो. बुकिंग करतानाच घेतली तर सर्वांत स्वस्त. नंतर त्याच बुकिंगमध्ये वाढवली तर थोडी महाग. विमानतळाच्या काउंटरवर आणखी महाग, आणि गेटवर पकडली गेली तर ७५ युरोपर्यंत. ऑनलाइन चेक-इन न करता विमानतळावर गेलात तर साधारणपणे माणशी ५५ युरो. तिघांचे १६५! तुमच्या तिघांच्या जायच्या तिकिटांच्या अडीचपट. त्यामुळे काय काय लागणार हे घरी, शांतपणे, बुकिंगच्या आधी ठरवायचं आणि तेवढंच त्याच वेळी घ्यायचं.

आता तुमच्यासाठी.

सीट विकत घ्या, तिघांच्याही, जाताना आणि येताना. नाही घेतल्या तर कंपनी वाटेल तिथे बसवते आणि तिघं तीन टोकांना जायची शक्यता बरीच असते. एकट्या तरुण माणसाला मी सीटवर एक पैसा घालू नको म्हणेन. तुमच्या आईंची गोष्ट वेगळी आहे. शिवाय सीट घेतली की आणखी एक फायदा होतो, जो पुष्कळांना माहीत नसतो. सीट घेतलेल्याला साठ दिवस आधीपासून चेक-इन करता येतं. न घेतलेल्याला उड्डाणाच्या आधी चोवीस तास ते दोन तास एवढीच मुदत. तुम्ही चार दिवस फिरणार. म्हणजे परतीचं चेक-इन रोममध्ये, कुठल्यातरी चौकात उभं राहून, मोबाइलच्या डेटावर करावं लागलं असतं. आता दोन्ही बाजूंचं चेक-इन घरूनच करून निघा.

बॅग: फुकटातली बॅग आता ४० × ३० × २० सेंमी चालते. २०२५च्या उन्हाळ्यापर्यंत ती ४० × २५ × २० होती, त्यामुळे जुने लेख आणि व्हिडिओ बघून घाबरू नका. चार दिवसांचे कपडे त्यात बसतात. पण आई-बाबांच्या औषधांच्या पिशव्या, शाल, स्वेटर, खाऊ हे सगळं धरलं तर तिघांत मिळून एक १० किंवा २० किलोची चेक-इन बॅग घ्या. तिघांना प्रायॉरिटी घेण्यापेक्षा ते बरं. प्रायॉरिटीत प्रत्येकाला ५५ × ४० × २० ची, दहा किलोपर्यंतची दुसरी बॅग आत नेता येते, पण मग ती शिडीवरून वर न्यायची कोणी? तुम्हीच, तिन्ही.

विमा, गाडी, बस: काहीही घेऊ नका. शेंगेन व्हिसासाठी आई-बाबांनी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढलेलाच असणार, तो इटलीतही चालतो.

भारतीय पासपोर्टबद्दल वेगळा प्रतिसाद लिहितो, तो विषय मोठा आहे.

सुपारीफूल

पिंपळपार, छान लिहिलंत. बाबांच्या गुडघ्याबद्दल मी लिहिते, माझ्या सासऱ्यांसाठी हे सगळं केलेलं आहे.

रानजाई, यासाठी एक पैसाही लागत नाही आणि लागता कामा नये. युरोपीय संघाचा २००६चा ११०७ क्रमांकाचा नियम आहे. चालायला त्रास होणाऱ्या प्रवाशाला विमानतळावर आणि विमानात चढता-उतरताना मदत फुकट द्यावी लागते, कंपनी कितीही स्वस्तातली असो. किमान ४८ तास आधी कळवायचं, एवढीच अट. बुकिंग करतानाच 'विशेष साहाय्य' असा पर्याय असतो. तिथे तीन-चार प्रकार येतात: लांब चालता येत नाही, पायऱ्या चढता येत नाहीत, अजिबात चालता येत नाही. बाबांसाठी 'पायऱ्या चढता येत नाहीत' हा निवडा. नुसतं 'लांब चालता येत नाही' निवडलंत तर व्हीलचेअर विमानाच्या शिडीपाशी आणून सोडतात आणि पुढे शिडी चढणं त्यांच्यावरच येतं. पायऱ्यांचा पर्याय घेतला की उचलून नेणारी गाडी येते आणि थेट दारापाशी पोचवते. बाबांना काठी किंवा वॉकर लागत असेल तर तोही फुकट जातो, बॅगेत धरत नाहीत.

आपल्याकडची मोठी माणसं 'व्हीलचेअर नको, लोक काय म्हणतील' म्हणतात. माझे सासरेही तसंच म्हणायचे. त्यांना आधीच समजावून सांगा की हा त्यांचा हक्क आहे, कोणाचे उपकार नाहीत. मदत घेणाऱ्यांना विमानात लवकर चढवतात, बरोबरच्या एकालाही सोडतात. आईंना निवांत बसता येईल.

साहाय्याच्या काउंटरवर मात्र उड्डाणाच्या दोन तास आधी पोचाच.

रानजाई

सुपारीफूल, मनापासून आभार. पायऱ्यांचा फरक मला अजिबात माहीत नव्हता, मी पहिलाच पर्याय निवडला असता. आजच बाबांशी बोलते.

पिंपळपार, पासपोर्टबद्दल वाट बघतेय.

पिंपळपार

हं, घ्या.

शार्लरुआ ते रोम हा प्रवास शेंगेनच्या आतला, त्यामुळे सरकारी पासपोर्ट तपासणी नसते. म्हणून लोकांना वाटतं की थेट सुरक्षा तपासणीला जायचं. पण रायनएअरचा स्वतःचा नियम आहे: युरोपीय संघाचं किंवा त्याच्याशी जोडलेल्या देशांचं नागरिकत्व नसलेल्या प्रत्येकाने सुरक्षा तपासणीच्या आधी कंपनीच्या काउंटरवर जाऊन पासपोर्ट आणि व्हिसा दाखवायचा. पूर्वी कागदी बोर्डिंग पासवर शिक्का मारून द्यायचे. हे फुकट असतं, पण विसरलात तर गेटवरून परत पाठवू शकतात आणि तेवढ्यात विमान जातं. विझएअरसकट इतरही काही कंपन्यांत अशी तपासणी असते. तुम्ही चेक-इन बॅग घेणारच आहात, तर ती देतानाच तिघांचे कागद त्याच काउंटरवर दाखवून मोकळे व्हा. तुमचं परमिट हातात ठेवा, बॅगेत नको. परतताना रोमलाही हेच सगळं पुन्हा करायचं आहे.

नावांची काळजी घ्या. आपल्या पासपोर्टवर बहुतेकदा नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं, आणि आईंच्या पासपोर्टवर कदाचित माहेरचं नाव असेल. पासपोर्ट समोर धरून, त्यावर जसं आहे तसं टाइप करा. घरातल्या हाकेचं नाव किंवा आधार कार्डावरचं स्पेलिंग नको. किरकोळ अक्षरचुका बुकिंगनंतर लगेच फुकटात दुरुस्त होतात, पण पूर्ण नाव बदलायचे शंभर युरोच्या वर लागतात. एवढ्यात नवं तिकीट येतं!

आणि तिकीट कंपनीच्याच साइटवर किंवा ॲपवर काढा. मधल्या एजंटाच्या साइटवर काढलं तर ईमेल त्याचा, कार्ड त्याचं, आणि मग कंपनी तुमची ओळख पटवून मागते. उड्डाण रद्द झालं तर परतावाही आधी एजंटाकडे जातो.

कोणी भारतातल्या कार्डाने पैसे भरणार असेल तर पैसे भरायच्या पानावर एक बारीक ओळ असते. 'आमच्या दराने रुपयांत घ्या' असा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो काढून युरोत भरा. कंपनीचा दर बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो. बँकेचं परकीय चलनाचं शुल्क पुष्कळ कार्डांवर साधारण साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी असतं, ते धरूनही बहुधा युरोच परवडतात.

कोकणकडा

धागा वाचनखुणेत साठवला. पण मला एक मूलभूत प्रश्न आहे. पुण्याहून दिल्लीला जाताना ७ किलो हातात आणि १५ किलो खाली, हे आपण गृहीत धरतो. आपल्याकडेही एअर डेक्कनने २००३ साली स्वस्त विमानं सुरू केली, एक रुपयात तिकिटं विकली, पण बॅगेवरून माणसाला गेटवर असं कोंडीत पकडलं नव्हतं. माणूस प्रवासाला निघाला तर त्याच्याबरोबर सामान असणारच ना? ते तिकिटापासून वेगळं काढणं मला तरी प्रामाणिक व्यवहार वाटत नाही. युरोपात ग्राहकांसाठी एवढे कायदे, मग हे चालतं कसं?

पिंपळपार

कोकणकडा, तुमचा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेलेला आहे. २०१४ साली युरोपीय न्यायालयाने स्पेनमधल्या व्हुएलिंग कंपनीच्या खटल्यात सांगितलं की चेक-इन सामानाचे वेगळे पैसे घ्यायला हरकत नाही, पण हातातलं सामान हा प्रवासाचा आवश्यक भाग आहे. वजन आणि माप वाजवी असेल तर त्याचे वेगळे पैसे घेता येणार नाहीत. आता वाजवी म्हणजे किती, हे त्यात सांगितलं नाही, आणि सगळा वाद तिथे अडकलाय. कंपन्या म्हणतात, सीटखालची बॅग फुकट देतो, ती वाजवी. ग्राहक संघटना म्हणतात, चाकांची छोटी बॅगही हवी.

स्पेनच्या सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच कंपन्यांना मिळून १७९ दशलक्ष युरोंचा दंड केला: रायनएअर, व्हुएलिंग, ईझीजेट, नॉर्वेजियन आणि व्होलोतेआ. सर्वांत मोठा वाटा रायनएअरचा, १०७ दशलक्षांच्या वर. कंपन्यांनी त्याला कोर्टात आव्हान दिलंय. २०२५च्या उन्हाळ्यात युरोपातल्या कंपन्यांच्या संघटनेने ४० × ३० × १५ हे किमान माप सगळ्या सदस्यांसाठी ठरवलं, ते या दबावामुळेच.

माझं स्वतःचं मत सांगतो. सामान वेगळं विकण्याला माझा विरोध नाही. पाठीवरची सॅक घेऊन शनिवार-रविवारी मित्राला भेटायला जाणाऱ्या विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या सूटकेसचे पैसे का भरावेत? या कंपन्यांमुळे आपली किती तरी मुलं शिकता शिकता युरोप बघू शकली. पण गेटवरच्या दंडाला माझा ठाम विरोध आहे. तिथे माणसाकडे दुसरा पर्यायच उरत नाही. आणि रायनएअर नियमात न बसणारी बॅग पकडणाऱ्या कर्मचाऱ्याला बोनस देते. नोव्हेंबर २०२५ पासून तो बॅगेमागे दीडवरून अडीच युरो झाला. हे मला अजिबात पटत नाही.

चैत्रपालवी

पिंपळपार यांना पूर्ण अनुमोदन. मागच्या हिवाळ्यात आमच्यापुढे रांगेत एक आजी होत्या, नातवाकडे चाललेल्या. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांची कापडी बॅग मापाच्या सांगाड्यात बसत होती, पण बाहेरच्या खिशात चष्म्याची डबी आणि पाण्याची रिकामी बाटली होती, तेवढाच भाग वर अडकत होता. कर्मचारी पैसे मागायला लागली. मागच्या मुलाने पुढे होऊन डबी आणि बाटली काढली, आजींच्या कोटाच्या खिशात घातली आणि बॅग अलगद आत गेली. कर्मचारीही काही बोलली नाही. त्या आजींचे हात थरथरत होते. मला अजून आठवलं की वाईट वाटतं.

म्हणून सांगते, बाहेरच्या खिशात काहीही ठेवू नका. कोट अंगावर घाला, त्याचे खिसे वापरा, अंगावरचे कपडे कोणी मोजत नाही. कडक, चाकांची बॅग फुकटच्या मापासाठी घेऊ नका. चाकं आणि हँडल मापात धरतात, दुकानदार मात्र फक्त डब्याचं माप सांगतो. घरी एक साधा प्रयोग करा. मोठ्या खोक्याच्या एका बाजूवर पट्टीने ३० बाय २० चा आयत आखून कापा आणि भरलेली बॅग त्यातून आत सरकवा. दाबावं लागलं तर काहीतरी कमी करा. आम्ही हे खोकं पलंगाखाली ठेवून दिलंय, कोणी पाहुणे आले की बाहेर काढतो.

मृद्गंध

अमेरिकेतून लिहितोय. इथेही हाच प्रकार, आणि याची सुरुवात स्पिरिटने २०१० मध्ये केली. वरच्या कप्प्यात ठेवायच्या बॅगेचेही पैसे घेणारी ती इथली पहिली मोठी कंपनी. फ्रंटियरवर सीटखालची बॅग १८ × १४ × ८ इंचांची फुकट, बाकीचे सगळे पैसे. साउथवेस्ट वर्षानुवर्षं दोन बॅगा फुकट न्यायची, तिनेही २८ मे २०२५ पासून पैसे घ्यायला सुरुवात केली. त्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खरोखर हळहळ व्यक्त झाली.

इथे एक चांगला नियम आहे. सात दिवस किंवा त्याहून आधी तिकीट काढलं असेल तर चोवीस तासांत रद्द करून पूर्ण पैसे परत मागता येतात. कंपनी त्याऐवजी भाव गोठवून ठेवायची सोय देऊ शकते, पण बहुतेक जणी पैसेच देतात. युरोपात असा सरसकट नियम नाही ना?

पिंपळपार

नाही, सरसकट नाही. इथे घाई करून काढलेलं तिकीट बहुधा अंगावरच पडतं. पण युरोपात दुसरी एक मोठी गोष्ट आहे, ती रानजाईंनी नक्की लक्षात ठेवावी.

२००४चा २६१ क्रमांकाचा नियम. विमान ऐनवेळी रद्द झालं किंवा तीन तास वा त्याहून उशिरा पोचलं, आणि चूक कंपनीची असेल, तर १५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला माणशी २५० युरो भरपाई. शार्लरुआ-रोम त्या अंतरात येतं. तिकीट २२ युरोचं होतं की २२० चं, याचा काहीही संबंध नाही. पासपोर्ट कुठला, याचाही नाही. तिघांचे ७५० होतात. वादळ, हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप अशा कारणांना भरपाई मिळत नाही. पण जेवण, पाणी, रात्र काढावी लागली तर हॉटेल आणि तिथे न्यायची सोय हे कारण काहीही असलं तरी कंपनीने द्यायचंच. दिलं नाही तर स्वतः साधं हॉटेल घ्या, पावत्या जपून ठेवा आणि नंतर मागा. अर्ज कंपनीच्या साइटवरच करायचा. 'तुमची भरपाई आम्ही मिळवून देतो' म्हणणाऱ्या मध्यस्थांना पाव-तिसरा हिस्सा देऊ नका.

कोकणकडा

हे वाचून बरं वाटलं. तिकीट स्वस्त म्हणून माणूस स्वस्त होत नाही, हे कायद्याने मान्य केलंय तर.

पण अजून एक शंका. बोर्डिंग पास आता म्हणे फक्त मोबाइलवर? माझ्या वडिलांसारख्या साधा फोन वापरणाऱ्या माणसाने काय करायचं?

सुपारीफूल

रायनएअरने १२ नोव्हेंबर २०२५ पासून घरी छापलेला कागदी पास बंद केलाय. तुमच्या वडिलांसारख्यांवर हे लादणं मला चुकीचंच वाटतं. पण कुटुंबाबरोबर प्रवास असेल तर अडत नाही. एकाच बुकिंगमधल्या सगळ्यांचे पास एका फोनवरच्या ॲपमध्ये येतात. रानजाई, म्हणूनच तिघांची तिकिटं एकाच बुकिंगमध्ये काढा. फोनची बॅटरी गेली किंवा फोन हरवला, आणि ऑनलाइन चेक-इन आधीच केलेलं असेल, तर विमानतळावर कागदी पास फुकट देतात. ५५ युरो लागतात ते चेक-इनच केलं नसेल तर. या दोन गोष्टींत लोकांचा फार घोळ होतो.

तरीही पासांचे स्क्रीनशॉट काढून न थांबता ॲपमध्ये पास उघडून ठेवा, नेटशिवाय दिसतात. आणि पॉवरबँक हातातल्या बॅगेत, चेक-इन बॅगेत चालत नाही.

तांबडमाती

म्युनिकहून. विमानतळ कुठे आहे ते नकाशावर बघितल्याशिवाय कोणी तिकीट काढू नये, अशी माझी कळकळीची विनंती. पॅरिस म्हणून दिसतं ते बोव्हे, शहरापासून ८५ किलोमीटर. फ्रँकफर्ट-हान १२० किलोमीटर. आमच्याकडे 'म्युनिक वेस्ट' म्हणून ओळख करून दिलेलं मेमिंगेन ११० च्या आसपास. स्टॉकहोमचं स्काव्स्टा शंभर. बार्सिलोनासाठी जिरोना नव्वद. मिलानचं बेर्गामो मात्र पन्नासेक किलोमीटर आणि बसची सोय चांगली, ते परवडतं.

सकाळी सहाच्या विमानासाठी रात्री तीनला टॅक्सी करावी लागली तर वाचवलेलं सगळं त्यात जातं. म्हाताऱ्या माणसांची झोप जाते ती वेगळीच.

रानजाई

हाच माझा पुढचा प्रश्न होता! शार्लरुआ आमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या वर आहे. ट्रेनने ब्रुसेल्स आणि तिथून बस?

पिंपळपार

हो. ब्रुसेल्सच्या दक्षिण स्टेशनवरून, मिडीवरून, विमानतळाची थेट बस आहे, तासाभराचा प्रवास. तिचे दरही मागणीप्रमाणे बदलतात, आधी काढली तर स्वस्त. पण तुमच्या बाबतीत मी आग्रहाने सांगेन, आधी आइंडहोवनच्याच विमानतळाहून इटलीची काय सोय आहे ते बघा. तिथूनही रायनएअर, विझ आणि ट्रान्सेव्हिया उडतात. तिकीट माणशी तीस-चाळीस युरो महाग असलं तरी ट्रेन, बस आणि बाबांचा गुडघा धरून ते स्वस्तच पडेल. घराच्या दारापासून रोमच्या हॉटेलच्या दारापर्यंत एका माणसाला किती लागतात, हे कागदावर मांडा. मी नेहमी तसंच करतो. दोन उभे रकाने, एकेका विमानतळाला एक. रोमला चाम्पीनो गावाजवळ आहे, पंधराएक किलोमीटर. फ्युमिचिनो तीस, पण तिथून थेट ट्रेन आहे.

विझ घेतलंत तर फुकटच्या बॅगेचं माप तेच, ४० × ३० × २०, आणि वजन दहा किलोपर्यंत. इतर कंपन्यांचं त्यांच्याच साइटवर बघा, तिकीट काढायच्या दिवशी.

चैत्रपालवी

खाण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. विमानात पाणीसुद्धा विकत. सुरक्षा तपासणीपर्यंत रिकामी बाटली न्या, पलीकडे नळावर भरा. दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, भडंग, कोरडी शेंगदाण्याची चटणी बिनधास्त न्या. सांगलीची माणसं भडंगाशिवाय कुठे निघतात! लोणचं, दही, ठेचा मात्र द्रवात धरतात, १०० मिलीच्या वरची बरणी पुष्कळ विमानतळांवर काढून घेतात. चेक-इन बॅगेत ठेवलीत तर प्रश्नच नाही. बाबांच्या औषधाच्या बाटल्यांना ही मर्यादा नाही, पण डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी जवळ ठेवा. औषधं हातातच, खाली टाकू नका.

रानजाई

सगळ्यांचे किती आभार मानू!

काल रात्री पिंपळपार यांच्या सांगण्याप्रमाणे दोन रकाने मांडले. आइंडहोवनहून इटलीला जायचं तिकीट माणशी ५१ युरो मिळतंय, शार्लरुआचं २२ च. पण शार्लरुआच्या रकान्यात ट्रेन, बस आणि पहाटेचं विमान गाठायला आदल्या रात्रीचं हॉटेल धरलं तर तेच महाग झालं. आइंडहोवनच नक्की केलं. कंपनीच्या साइटवर, एकाच बुकिंगमध्ये, पासपोर्ट समोर ठेवून नावं भरली. तिघांच्या सीट शेजारी-शेजारी घेतल्या, आईला खिडकी. एक २० किलोची बॅग. बाबांसाठी पायऱ्यांचं साहाय्य मागितलं, त्याचा ईमेलही आला. विमा, गाडी, प्रायॉरिटी, बाकी काही घेतलं नाही. पहिल्या रात्री सगळं घेत गेले असते तर जेवढे झाले असते, त्याच्या जवळपास निम्म्यात जाऊन-येऊन बसलं.

बाबा व्हीलचेअरला आधी नाहीच म्हणाले. सुपारीफूल, तुमचा प्रतिसाद त्यांना फोनवर वाचून दाखवला. 'हक्क आहे तर मग घे,' म्हणाले.

एकच राहिलं. त्यांचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा आहे. इटलीला जाऊन आल्यावर तो संपत नाही ना?

पिंपळपार

नाही. शेंगेनच्या आत कितीही देश फिरा, प्रवेश एकच धरला जातो. आता बल्गेरिया आणि रोमानियाही पूर्ण आत आलेत, १ जानेवारी २०२५ पासून. पण स्वस्त तिकीट दिसलं म्हणून लंडन, डब्लिन किंवा इस्तंबूलचा विचार करू नका. तिकडे गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि एकदाच्या व्हिसावर पुन्हा आत येता येणार नाही. तिथले व्हिसाही वेगळे.

व्हिसावर दिलेले मुक्कामाचे दिवस मात्र मोजून ठेवा, त्यात रोमचे चार दिवसही येतात.

रानजाई

समजलं. आल्यावर रोमचे फोटो टाकते, आणि गेटवर कशी तपासणी झाली तेही इथेच लिहीन.